ओव्हनला ट्रे नव्हता

सोहारला, फलज-अल-कबाइलच्या कॅम्पमागे,
कचऱ्याच्या हिरव्या पेटीला टेकून
ओव्हन उभा होता.
दार होतं, काच होती, जाळी होती. ट्रे नव्हता.
रोनेल म्हणाला, चालतो हा.
वायर न लावता त्याला कसं कळलं, देव जाणे.
लग्नाच्या मांडवातली टेबलं उचलतात तसा
ओरडत, जिन्याच्या वळणावर एकमेकांना शिव्या देत
आम्ही तो वर आणला.

यीस्ट बारीक पुडीतलं, पीठ दोन किलो,
शुक्रवार सगळा मोकळा.
पण पाव कशात भाजणार?

मी वेल्डर. पत्र्यातलं मला विचारा.
टोमॅटोचा डबा नको, आतून पिवळं अस्तर असतं,
तापलं की वास सोडतं.
दूधपावडरचा चालेल. शिजूचा चहा चौघांना पुरतो,
डबे काय, रांगेनं पडलेत.

पहिला पाव बाहेरच आला नाही.
तेल लावायचं राहिलं होतं.
शेवटी कात्रीनं पत्रा उभा फाडला, केळं सोलावं तसा,
आणि जे निघालं ते निमूटपणे खाल्लं.
दुसरा वर फुगून डब्याबाहेर डोकावला,
थेट आमच्या फोरमनचं हेल्मेट.
खूप हसलो. हेल्मेट आधी संपवलं.

मग खोतानं मातीची कुंडी आणली.
कुठून, ते कोणी विचारलं नाही.
(सोमवारी कॅम्प-बॉसचं रोपटं बादलीत दिसलं.)
खोत राजापूरकडचा, म्हणाला,
खापर आधी तेल पितं, मग खाऊ देतं,
आमची आई खापरोळ्या करायची, मला शिकवू नका.
कुंडी तिसऱ्या मिनिटाला तडकली.
खोत दिवसभर कोणाशी बोलला नाही.

डबा सापडला माझ्याच खाटेखाली,
पार भिंतीकडे, धुळीत.
स्टीलचा, उभा, झाकण गायब.
माझ्याआधी इथं कोण झोपायचं माहीत नाही,
पण होता आपल्याकडचाच.
पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कै. द्रौपदाबाई रामू इंगवले
यांच्या स्मरणार्थ.
वर्षश्राद्धाला वाटलेला असणार,
पुतण्यानं, भाच्यानं बॅगेत टाकलेला,
चिवडा भरून.
आत बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती,
कारागिरानं जरा जोरातच ठोकली होती.

यात नको, खोत म्हणाला.
मग म्हणाला, तेल नीट लाव.

पस्तीस मिनिटं. रोनेलनं पाव उपडा करून
बुडावर बोटानं टकटक केली.
पोकळ वाजला पाहिजे म्हणे, मग शिजला.
आम्ही जोड तपासतो तेव्हा उलटं असतं,
पोकळ वाजला की परत करा.

पाव उजेडात धरला.
मला वाटलं होतं, अक्षरं उमटली तर उलटी उमटतील.
सुलटी होती.
सगळी नाही. 'दाबाई' होतं,
खाली 'स्मरणा', पुढचं कडेला करपलेलं.
शिजूनं विचारलं, काय लिहिलंय?
नाव आहे.
कोणाचं?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

खोतानं पहिला तुकडा मोडला
आणि खिडकीबाहेर, एसीच्या पेटीवर ठेवला.
सोहारला कावळे आहेत. आपलेच म्हणतात,
कधीतरी जहाजांवर बसून आले
आणि राहिले.
गावी दहाव्याला हे तासतास बसवून ठेवतात,
काय राहिलं, काय राहिलं विचारत
घरचे एकेक वचन देत सुटतात.
इथं तुकडा टेकला न टेकला
तोच एक आला, शिवला,
आणि सगळाच घेऊन गेला.

रोनेलला वाटलं, पक्ष्यांची आवड आहे खोताला.
असू दे, म्हटलं.

उरलेला पाव डाळीत बुडवून खाल्ला.
मीठ कमी पडलं होतं.
डबा धुतला, पुसला, आतून तेलाचा हात फिरवला
आणि होता तिथंच ठेवला, खाटेखाली,
फक्त भिंतीपासून थोडा अलीकडे,
म्हणजे पुढच्या माणसाला
शोधावा लागू नये.